इंदूर पद्धतीचे खत आणि जमिनीखालची पिके

इंदूर शहराच्या पलासिया भागातील ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीत हिवाळा सुरू झाला की गराडू येतो. तो सोलून, फोडी करून, तेलात खरपूस तळायचा आणि वर जिरावण मसाला भुरभुरून लिंबू पिळायचे, अशी माळव्याची रीत आहे. हा गराडू म्हणजे आपल्याकडचे कोनफळ. माळव्याच्या काळ्या जमिनीत तो पोसतो तसाच गोव्याच्या जांभ्या मातीतही पोसतो. मात्र याच पलासियापासून काही किलोमीटर अंतरावर, आज जेथे शासकीय कृषी महाविद्यालय उभे आहे त्या जमिनीवर, शेण, गोमूत्र आणि शेतातला काडीकचरा यांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध झाली, हे खुद्द इंदुरातही फारसे कोणाच्या बोलण्यात येत नाही. कंपोस्ट हा शब्द आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यामागच्या आधुनिक शास्त्राचा बराचसा पाया येथे घातला गेला.

सुरण, कणगर, रताळी, अळकुड्या, मुळा, गाजर या पिकांच्या बाबतीत या शास्त्राला विशेष महत्त्व आहे. भात किंवा मका जमिनीच्या वर धान्य धरतो. कंदाला मात्र मातीच्या आतच वाढावे लागते. माती घट्ट असेल तर तो वेडावाकडा होतो, पाणी तुंबले तर कुजतो, आणि अर्धेकच्चे शेण थेट त्याच्या अंगाशी आले तर त्याचे नुकसान सर्वांत आधी होते. शेणखताचा सर्वाधिक लाभ याच पिकांना होतो आणि कच्च्या शेणाचा सर्वाधिक तोटाही यांनाच होतो. हा फरक न ओळखल्यामुळे दरवर्षी कितीतरी खत वाया जाते.

हॉवर्ड, वाड आणि तीनशे एकर

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती काढल्या. त्यांचे दुसरे काम कमी गाजले, पण आपल्या विषयाला तेच अधिक जवळचे आहे. पाण्याच्या बारीक धारेने माती धुऊन काढून त्यांनी झाडांची मुळे उघडी केली, आणि ती कोणत्या ऋतूत कोणत्या थरात काम करतात याचा अभ्यास केला. मुळांना अन्नाइतकीच हवेची गरज असते, हा निष्कर्ष हॉवर्ड यांनी पुढे आयुष्यभर मांडला.

१९२४ मध्ये इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ स्थापन झाली. होळकर संस्थानाने सुमारे तीनशे एकर जमीन नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिली. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांनी पैशाची बाजू सांभाळली. संस्थेचे मुख्य पीक अर्थातच कापूस होते. पण माळव्याच्या काळ्या जमिनीने पहिल्याच पावसाळ्यांत मुख्य अडचण दाखवून दिली. ही माती पाऊस पडताच फुगून बंद होते, मुळांचा श्वास कोंडतो आणि हिवाळा सरताच तिला भेगा पडतात. अशा मातीला मोकळे करायचे तर तिच्यात ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजून स्थिर झालेले काळे सेंद्रिय द्रव्य, वाढवावे लागते. तेवढे शेणखत मात्र गावात नव्हते.

नव्हते, कारण ते चुलीत जात होते. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात हे स्पष्ट लिहून ठेवले होते. भारतीय शेतकरी अज्ञानामुळे शेण जाळतो असे नाही, त्याला सरपण मिळत नाही म्हणून जाळतो, असा त्यांचा निर्वाळा होता. उरलेले शेण उकिरड्यावर उन्हापावसात पडून राही आणि गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरून जाई. जनावराने बाहेर टाकलेल्या नत्रापैकी साधारण निम्मे, आणि पालाशचा मोठा भाग, मूत्रात असतो. म्हणजे खताचा अर्धा ऐवज गोठ्यातच हातचा जात होता.

चीनमधील शेतकरी चार हजार वर्षे तीच जमीन कशी कसत आले यावर फ्रँकलिन किंग यांनी १९११ मध्ये लिहिलेले पुस्तक हॉवर्ड यांनी अभ्यासले होते. त्यातील अनुभव आणि भारतीय खेड्यातील साधने यांचा मेळ घालून इंदुरात प्रयोग झाले. त्या प्रयोगांची रसायनशास्त्रीय बाजू यशवंत डी. वाड यांनी सांभाळली. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगावरील जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यावर हॉवर्ड आणि वाड ही दोन्ही नावे लेखक म्हणून आहेत. पुढे हॉवर्ड ‘सर’ झाले, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर ओळखले गेले. वाड हे नाव मात्र इंग्रजी ग्रंथांच्या तळटीपांत राहिले. कुजण्याचे रसायन मोजून मापून मांडण्यात ज्याचा निम्मा वाटा होता, त्याच्याविषयी मराठीत काहीच लिहिलेले सापडू नये, हे आपल्या विज्ञानलेखनाचे दारिद्र्यच म्हणावे लागेल.

महात्मा गांधी एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले असता त्यांनी ही संस्था पाहिली, आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून या पद्धतीची माहिती वाचकांपुढे ठेवली. केनियातील कॉफीच्या मळ्यांपर्यंतही ही पद्धत पोहोचली. याच शहरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी दररोज ५५० टन ओला कचरा पचवणाऱ्या जैव-सीएनजी प्रकल्पाचे उद्घाटन झाले, आणि त्यातून वायूखेरीज रोज सुमारे शंभर टन सेंद्रिय खत मिळेल असे सांगण्यात आले. यंत्रे नवी असली तरी हिशेब जुनाच आहे.

पद्धत नेमकी काय

इंदूर पद्धतीत गोठ्यापासूनच सुरुवात होते. जनावरांच्या पायाखाली सुमारे सहा इंच मातीचा थर असे आणि त्यावर पालापाचोळा, काडीकचरा अंथरलेला असे. हा कचरा रोज शेणामुताने भिजे आणि तुडवला जाई. खालची माती मूत्र शोषून घेई. ती तीन-चार महिन्यांनी काढून तिच्या जागी नवी भरत. ही ‘मूत्रमाती’ आणि लाकडाची राख हे दोन पदार्थ शेणाइतकेच मोलाचे मानले जात. मूत्रमातीतून नत्र मिळे आणि राखेमुळे आंबटपणा मोडे.

खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असे. त्यात भिजलेला काडीकचरा पसरून त्यावर शेण, राख आणि मूत्रमाती कालवलेले पाणी शिंपडत. मग पुन्हा कचऱ्याचा थर, पुन्हा शिंपण. खड्डा कधीही पूर्ण भरत नसत. एका टोकाची सुमारे पाच फुटांची पट्टी रिकामी ठेवत, म्हणजे माल फावड्याने त्या बाजूला पालटता येई. पहिली पालटणी सुमारे पंधरवड्याने, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी पाणी द्यायचे. दुधाला विरजण लावावे तसे जुन्या खड्ड्यातील थोडे कुजके खत नव्या खड्ड्यात घालत. नव्वद दिवसांत खत तयार होई.

पालटणी हा यातला सर्वांत कष्टाचा भाग आहे आणि बहुतेक जण नेमका तोच टाळतात. ढिगाच्या आत हवा खेळती राहिली तर जीवाणू आणि बुरशी वेगाने काम करतात, तापमान साठ अंशांच्या वर जाते, आणि त्या उष्णतेने तणांचे बी, कृमींची अंडी व बरेचसे रोगजंतू मरतात. हवा कोंडली की ढीग थंड पडतो आणि त्याला सडका वास येतो. तो वास म्हणजे हवेत उडून जाणारे नत्र आणि इतर वायू होत.

दुसरी किल्ली प्रमाणाची. सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब आणि शरीर घडवण्यासाठी नत्र लागते. ताज्या शेणात एक भाग नत्रामागे साधारण वीस ते पंचवीस भाग कर्ब असतो. भाताच्या पेंढ्यात तोच आकडा ऐंशीच्या घरात जातो, लाकडाच्या भुशात कित्येक शेकड्यांत. कोंबडीखतात तो दहाच्या आसपास असतो. हॉवर्ड व वाड यांनी सुरुवातीचे प्रमाण सुमारे तेहतीसास एक असावे असे ठरवले, आणि कुजणे संपते तेव्हा ते दहास एकच्या जवळ येते असे दाखवले. नुसता पेंढा जमिनीत गाडला तर सूक्ष्मजीव तो पचवण्यासाठी मातीतले नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. नुसते शेण साठवले तर जास्तीचे नत्र अमोनिया होऊन उडते. एकात जे जास्त आहे ते दुसऱ्यात कमी आहे, म्हणून दोन्ही एकत्र कुजवायचे.

कंदाला काय लागते

ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेण गाजर-मुळ्याच्या वाफ्यात घातले की मुळांना फाटे फुटतात आणि अंगभर तंतुमुळे येतात. रताळ्याला एकदम नत्र मिळाले तर वेल रानभर पसरतो, पण खाली रताळी बारीक राहतात. कच्च्या शेणाकडे हुमणीचे भुंगेरे आकर्षित होतात, त्यात अंडी घालतात, आणि त्यातून निघालेल्या अळ्या पुढे कंद पोखरतात. शिवाय मुळा आणि गाजर कच्चेही खाल्ले जातात, म्हणून आरोग्याचा प्रश्न येतो. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत मातीला लागणाऱ्या पिकाच्या काढणीपूर्वी किमान १२० दिवस कच्चे शेण घालू नये असे बंधन आहे. आपल्याकडे मुळा पेरल्यापासून दीड महिन्यात ताटात येतो. त्यामुळे मुळ्याच्या वाफ्यात कच्चे शेण घालण्यास काही वावच उरत नाही.

पूर्ण कुजलेले खत याच्या उलट वागते. ते मातीचे कण एकमेकांना धरून लहान-लहान ढेकळे घडवते. त्यांच्या फटींतून पाणी निचरते आणि हवा आत जाते. कंद फुगतो तेव्हा त्याला बाजूला सरणारी माती मिळते. जांभ्या मातीत आणखी एक लाभ होतो. ही माती आम्लधर्मी असते आणि गोव्याच्या सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसात तिच्यातला पालाश सहज धुऊन जातो. ह्यूमस तो धरून ठेवतो. कंदात पिष्ट साठवण्यासाठी पालाश फार लागतो. सुरणाला हेक्टरी शंभर किलो नत्र, पन्नास किलो स्फुरद आणि दीडशे किलो पालाश द्यावा अशी शिफारस आहे. तीत नत्राहून पालाश अधिक आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच शिफारशीत हेक्टरी पंचवीस टन शेणखतही सांगितलेले असते. हा आकडा मोठा वाटतो, पण तो घरच्या परसात आणून पाहू. सुरणासाठी तीन फूट, म्हणजे नव्वद सेंटिमीटर अंतरावर खड्डे घेतले तर शंभर चौरस मीटरमध्ये सुमारे १२३ खड्डे बसतात. प्रत्येकात दोन किलो खत टाकले की २४६ किलो होते. हेच हेक्टरी पंचवीस टन. रताळ्याला पाच ते दहा टन पुरतात, गाजराला वीस टनांच्या पुढे लागते.

आता खत येणार कोठून? इंदूरच्या संस्थेत एका बैलजोडीमागे वर्षाला सुमारे पन्नास गाड्या खत निघे आणि एका गाडीत सत्तावीस घनफूट माल मावे. घनमीटरला अर्धा टन वजन धरले तर ते जवळपास एकोणीस टन होते, म्हणजे पाऊण हेक्टर सुरणाची बेगमी. नुसत्या शेणातून एवढे खत कधीच झाले नसते. काडीकचऱ्याची जोड मिळाल्यानेच ते साधले.

पुढच्या पद्धती आणि त्यांचे हिशेब

सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये बंगळुरात शहरी कचऱ्यासाठी वेगळी पद्धत काढली. तीत खड्डा भरून वरून मातीने लिंपतात आणि पालटणी करत नाहीत. मजुरी वाचते, वेळ मात्र दुपटीने लागतो.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली ‘नाडेप’ पद्धत त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके आणि भिंतीत हवेसाठी ठेवलेली भोके. त्यात सुमारे शंभर किलो शेण, दीड टन काडीकचरा, पावणेदोन टन माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी घालतात. पालटावे लागत नाही. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. एक गाय दिवसाला दहा किलो शेण देते असे धरले तर दहा दिवसांच्या शेणात एक टाके भरते. जनावरे कमी असलेल्या घराला ही पद्धत वरदान आहे, यात शंका नाही. पण या तीन टनांत अर्ध्याहून अधिक माती असते हे प्रचारपत्रकांत ठळकपणे सांगितले जात नाही. जांभ्या दगडावर जेथे मातीच कमी, तेथे माती मिळणे हाही लाभच. मात्र नाडेपचे तीन टन आणि गोठ्याचे तीन टन यांतील नत्र सारखे समजू नये.

सेंद्रिय खताच्या कैवाऱ्यांनी आणखी एक मर्यादा मान्य करायला हवी. चांगल्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. पंचवीस टनांत ते सव्वाशे किलो भरते खरे, परंतु पहिल्या वर्षी त्याचा पाव ते तिसरा हिस्साच पिकाला मिळतो. बाकीचे पुढील वर्षांत हळूहळू सुटते. हॉवर्ड उत्तरायुष्यात रासायनिक खतांचे कडवे विरोधक झाले. दीर्घकालीन प्रयोगांचा कौल इतका एकतर्फी नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथील बार्नफील्ड या शेतात १८४३ पासून मुळवर्गीय पिकांवर खतांची तुलना सुरू झाली. वर्षानुवर्षे शेणखत मिळालेल्या वाफ्यांत बीट आणि बटाटे यांचे उत्पादन केवळ रासायनिक खताच्या वाफ्यांहून सरस ठरले. भारतात जबलपूर, अकोला, परभणी आदी ठिकाणी दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगांत शिफारशीची रासायनिक मात्रा आणि शेणखत एकत्र दिलेले वाफे बहुतेक ठिकाणी पुढे राहिले. ज्याला प्रमाणपत्रासह सेंद्रिय माल विकायचा आहे त्याची गोष्ट वेगळी. इतरांनी शेणखताने माती घडवावी आणि पालाशची उणीव माती परीक्षण करून भरून काढावी, हे शहाणपणाचे.

गोव्याच्या पावसात

माळव्यात खड्डा चालतो. आपल्याकडे जूनमध्ये तोच खड्डा विहिरीसारखा भरतो. हॉवर्ड यांनीही पावसाळ्यासाठी खड्ड्याऐवजी जमिनीवर सुमारे आठ फूट चौरस आणि दोन फूट उंच ढीग सांगितले होते. गोव्यात ढिगाखाली चिऱ्यांचा उंचवटा आणि वर माडाच्या झावळ्यांचे छप्पर असावे. पाण्याची परीक्षा सोपी आहे. मूठभर माल आवळला की बोटे ओली व्हावीत, धार लागू नये.

कचऱ्याची निवडही बघावी लागते. काजूचा पातेरा आणि रस्त्याकडेच्या ऑस्ट्रेलियन अकेशियाची पाने सावकाश कुजतात. ती बारीक करून, शेणाचे प्रमाण वाढवून घालावीत. नारळाची सोडणे त्याहून चिवट असतात, ती वेगळी ठेवलेली बरी. कुंपणाच्या गिरिपुष्पाची हिरवी पाने मात्र नत्राने भरलेली असतात आणि गोठा नसलेल्या घरात ती शेणाचा काही भार उचलतात. कोंबडीखत मिळत असेल तर त्यात सुमारे तीन टक्के नत्र असते, म्हणूनच ते सुक्या पानांत मिसळून कुजवल्याशिवाय कंदाजवळ नेऊ नये. तरव्याच्या भाजावळीत पालापाचोळा आणि शेण जाळण्याची जुनी चाल होती. तणांचा नाश आणि राखेतला पालाश हे तिचे फायदे, पण नत्र सगळे धुरात जाते.

वेळेचे गणित उलटे मोजावे. सुरण मे महिन्यात लावायचा तर ढीग जानेवारीच्या अखेरीस रचायला हवा. भात कापून नोव्हेंबरात मुळा-रताळी करायची तर ऑगस्टच्या मध्यास, ऐन पावसात, छपराखाली काम सुरू करावे लागते. उन्हाळ्यात ट्रॉलीने आणलेले शेण बहुधा वरून सुके आणि आतून कच्चे असते. तेही थेट खड्ड्यात न टाकता पाने, राख आणि पाणी घालून दोनदा पालटावे.

खत तयार झाले की त्याचा रंग काळपट होतो, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा येतो आणि ढिगात हात घातला तर ऊब लागत नाही. तरीही खात्री नसेल तर एका कुंडीत माती आणि हे खत समभाग घेऊन, दुसरीत नुसती माती घेऊन, दोन्हींत मुळ्याचे बी पेरावे. चांगल्या मातीत ते तीन ते पाच दिवसांत उगवते. खताच्या कुंडीत ते मागे राहिले, किंवा रोपांच्या कडा करपल्या, तर ढीग आणखी पंधरवडाभर झाकून ठेवावा.